विझवणाऱ्याच्या नावाची चूल

दगडाला कोण विचारतो म्हणा! पण तुम्ही आलाच आहात, तर बसा जरा, मित्रांनो. मी चुलीचा एक जुना दगड आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगरांत ग्लेन फिअर्ना नावाची दरी आहे. तिथल्या एका घराच्या अगदी मधोमध मला जमिनीत बसवलेलं आहे. माझ्यासमोर दार आहे आणि दारातून समोरची खिंड दिसते. आयुष्यभर मी एवढंच जग पाहिलं. ऐकलं मात्र पुष्कळ. चुलीपाशी माणसं जे बोलतात, ते दुसरीकडे कुठे बोलत नाहीत.

मी मूळचा ओढ्यातला. रोरी नावाच्या शेतकऱ्याच्या आजोबांनी मला तिथून उचललं. चांगला रुंद, सपाट आणि करडा होतो मी. घसरगाडीवर घालून, पोरं पुढून ओढतायत आणि आजोबा मागून ढकलत शिव्या देतायत, अशी माझी वरात निघाली. घराच्या भिंती तेव्हा जेमतेम कमरेएवढ्या झाल्या होत्या. म्हणजे आधी मी आलो आणि घर माझ्याभोवती उभं राहिलं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे सगळे मला त्या घरातली एक जुनी वस्तू समजायला लागले.

घर झालं तेव्हा शेजारच्या घरातून लोखंडी भांड्यात निखारे आले आणि माझ्यावर ठेवले गेले. आमच्याकडे चूल अशीच पेटायची. नवा विस्तव कुणी करत नसे, दुसऱ्याचा आणायचा. आणि एकदा आणला की विझू द्यायचा नाही. रात्री घरातली बाई निखारे पसरायची, त्यांचे तीन वाटे करायची, मध्ये दलदलीतून कापून वाळवलेलं पीट नावाचं मातीसारखं जळण लावायची आणि वरून राख पांघरायची. हे करताना ती देवाचं नाव घ्यायची, पण इतक्या हळू की तिच्या नवऱ्यालाही शब्द कळायचे नाहीत. सकाळी राख बाजूला केली की खाली विस्तव लालबुंद. असं रोज, पिढ्यान् पिढ्या.

माझे सुखाचे दिवस म्हणजे रोरी आणि त्याची बायको बेथाग यांचे. बेथाग ओटाची भाकरी थापून माझ्या कडेला उभी करून भाजायची. तिची पोर उना माझ्यापाशी बसून लोकर पिंजायची. संध्याकाळी शेजारपाजारचे येऊन बसायचे. कुणी गायचं, कुणी कुणाची उणीदुणी काढायचं. बेथाग मला रोज झाडून पुसून लख्ख ठेवायची.

"बेथाग, या दगडाला तू माझ्यापेक्षा जास्त जपतेस," रोरी म्हणायचा.

"तो तुझ्यासारखा चिखलाचे पाय घेऊन घरात येत नाही," बेथाग म्हणायची.

मला काय आनंद व्हायचा म्हणून सांगू! दगड असलो तरी कौतुक कुणाला नको असतं?

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. आमच्याकडे मे महिन्याच्या पहिल्या दिवशी घरातला विस्तव कुणालाही देत नसत. सख्खी बहीण आली तरी नाही. त्या दिवशी विस्तव बाहेर गेला की वर्षाचं सुदैव त्याच्याबरोबर गेलं, असं मानत. आणि नेमक्या त्या दिवशी, सकाळी, खिंड ओलांडून मारसली आली. ही पलीकडे पोर्टबेगच्या किनाऱ्यावर एकटी राहणारी विधवा होती, शिंपले गोळा करून पोट भरणारी. वादळात तिच्या झोपडीत पाणी शिरलं होतं आणि तिची चूल विझली होती. थंडीनं तिचे ओठ निळे पडले होते. हातात रिकामं लोखंडी भांडं.

घरात एकटी उना. बेथाग गाय पिळायला गेलेली.

"बाळा, आज मागू नये ते कळतं मला," मारसली म्हणाली. "पण मी आणखी एक रात्र अशी काढू शकणार नाही."

उना माझ्याकडे बघत उभी राहिली. मग तिनं चिमट्यानं निखारे उचलले, भांड्यात घातले आणि वर राख टाकून दिली. मारसली तिचा हात धरून रडली आणि गेली.

बेथाग दुधाचं भांडं घेऊन आत आली आणि तिला सगळं कळलं. "आज? अगं, आजच्या दिवशी? डोकं फिरलं का तुझं?"

"आई, ती मेली असती."

"आणि आता आपलं काय व्हायचंय ते बघ!"

मित्रांनो, त्याच महिन्यात डॉड्स आला.

डॉड्स हा जहागीरदाराचा कारभारी. दक्षिणेकडचा माणूस, आमची भाषा त्याला येत नव्हती. जहागीरदाराला दरीत माणसांऐवजी मेंढ्या हव्या होत्या, कारण मेंढ्यांपासून जास्त मिळायचं. दरीतल्या सगळ्यांना घरं सोडून पोर्टबेगच्या खडकाळ किनाऱ्यावर जायचा हुकूम झाला होता. लोक म्हणायचे, असं कुठे असतं का? असं असतं, ते डॉड्सनं दाखवलं.

तो माणसं घेऊन दारात आला तेव्हा रोरी बाहेर सामान बांधत होता. बेथागनं हात जोडले. "एवढा विस्तव भांड्यात घेऊ द्या मला. मग निघतोच आम्ही." चूल पेटती आहे तोवर घर सुटलं असं आमच्याकडे कुणी मानत नसे. हे एव्हाना डॉड्सलाही कळलं होतं. त्यानं आपल्या माणसाला खूण केली. तो माणूस जागचा हलेना. तेव्हा डॉड्सनं स्वतः बाजूचं दुधाचं पातेलं उचललं, त्या सकाळचंच दूध, बेथागनं पिळलेलं, आणि माझ्यावर ओतलं.

तो आवाज मी कधी विसरलो नाही. विस्तव फसफसला, घरभर करपलेल्या दुधाची वाफ झाली आणि मला तडा गेला. इकडून तिकडपर्यंत. तो अजून आहे, बघा. मग त्यांनी छपराला आग लावली. विझवणारेही तेच आणि पेटवणारेही तेच.

जाताना बेथाग पोरीला म्हणाली, "त्या दिवशी आपलं नशीब तू भांड्यात घालून देऊन टाकलंस." दारातून वळून उनानं माझ्याकडे पाहिलं आणि ती गेली. ती चुकली का बरोबर, यावर पुढे मी फार विचार केला. माझ्याकडे वेळच वेळ होता.

मग मेंढ्या आल्या. मेंढी काही वाईट प्राणी नाही हो. पावसात माझ्यावर येऊन बसायची, तेवढीच ऊब. पण तिच्याशी बोलणार काय? भिंती ढासळल्या. माझ्या तड्यात शेवाळ आलं, मग गवत. हिवाळ्यात बर्फ पडायचा आणि मी त्याच्याखाली पडून असायचो. कधीमधी खिंडीतून पोर्टबेगची माणसं यायची, टोपी काढून भिंतीपाशी उभी राहायची आणि निघून जायची. पुढे पुढे तीही कमी झाली. चूल म्हणून जन्म घ्यावा आणि थंडगार पडून राहावं, यासारखं दुःख नाही. मला वाटायचं, माझ्यावरचा विस्तव जगातून गेला. त्याचं नाव घेणारंही कुणी उरलं नाही.

नाही म्हणायला, कित्येक पिढ्यांनंतर, एक पोरगी यायची. एफी तिचं नाव. बापाबरोबर मेंढ्या हाकायला यायची आणि माझ्यावर फतकल मारून डबा खायची. खाता खाता बोट माझ्या तड्यातून फिरवायची. ती मोठी झाली, लग्न केलं नाही, पोर्टबेगच्या शाळेची मिनीबस चालवायला लागली. जिभेनं तिखट. पण वर्षातून एकदा तरी खिंड चढून यायची आणि माझ्यावर बसून थर्मासमधला चहा प्यायची. "काय रे, आहेस का अजून?" असं म्हणायची. आहे की! जाणार कुठे?

मग एक दिवस जुन्या वास्तू जपणारी एक वारसा-संस्था आली. त्यांनी गवत काढलं, भिंती सावरल्या, बाहेर माहितीचा फलक लावला. आणि त्यांच्याकडून हे घर हॉटेल काढायला भाड्यानं घेतलं एफीच्या भाच्यानं. मर्डो त्याचं नाव. एफीचा भाऊ वारलेला, त्याचा हा एकुलता एक मुलगा, एवढंच तिचं माणूस. ग्लासगोत हॉटेलांत नोकऱ्या करून तो बायको जिल आणि दोन पोरांना घेऊन पोर्टबेगला परतला होता. शाळेत जी मूठभर पोरं उरली होती त्यांत या दोघांची भर पडली, म्हणून शाळा बंद व्हायची थांबली. एफीचा आनंद गगनात मावत नव्हता. ती माझ्यापाशी येऊन म्हणाली, "ऐकलंस का? आपल्याकडे माणसं येणार."

मर्डोनं काचेचं छप्पर घातलं. टेबलं मांडली. मला घासून पुसून स्वच्छ केलं. एवढ्या वर्षांनी कुणीतरी मला पुसत होतं. मी तर भारावून गेलो होतो. आणि मग दारावर पाटी लागली.

एफी दारातच थबकली. "हे काय लिहिलंयस?"

"डॉड्सची चूल," मर्डो म्हणाला. "कसं वाटतं, आत्या? ऐकल्याबरोबर डोक्यात बसतं."

"आमच्या डोक्यात बसलेलंच आहे. चूल त्याची होती का रे? त्यानं विझवली ती."

"तेच तर! लोक विचारतील, कोण हा डॉड्स? मग आपण सगळी हकिकत सांगायची. आजकाल खलनायकाला भाव आहे, आत्या. 'बेथागची चूल' म्हटलं तर गाडी थांबवून कोण येणारे?"

"मी आले असते."

"हो, तू मिनीबस घेऊन आली असतीस. रिकामी."

"चावटपणा पुरे. आठवण ठेवायची तर जिची चूल होती तिची ठेव. त्या मेल्याला काय म्हणून दारावर बसवतोस?"

मर्डोचा आवाज चढला. "आत्या, हे चाललं नाही ना, तर आम्हाला परत ग्लासगोला जावं लागेल. चौघांनाही. मग बस तू एकटी, नावं घेत."

एफीची दुखरी नस त्याला बरोबर ठाऊक होती. ती हळू आवाजात म्हणाली, "त्या पाटीखालून मी आत यायची नाही, मर्डो. बाकी तुझं तू बघ." आणि दारातूनच परत गेली.

मित्रांनो, तुम्हाला खरं सांगू? तेव्हा मला एफीचाच राग आला. मला वाटलं, बाई गं, नाव काहीही असू दे, माणसं तर येऊ दे! तू खिंडीपलीकडे माणसांत राहतेस. मेंढ्यांबरोबर कोण राहिलंय? मी! डॉड्सच्या नावानं का होईना, माझ्याशेजारी कुणीतरी बसून जेवेल. एकटेपणानं असं होतं. मिळेल ते गोड मानावंसं वाटतं.

पोर्टबेगात दोन तट पडले. कामावर आलेली माणसं माझ्यासमोरच भांडायची. सुतार डोनी म्हणायचा, "नावानं कुणाचं पोट भरतं का? काम मिळालं ना आपल्याला?"

"मग तुझ्या घराला तुझ्या सासूचं नाव देऊ या," वाढपी म्हणून लागलेली कॅटी-ॲन म्हणायची.

"तिचंच चालतं तिथे. पाटी तेवढी लावायची राहिलीय."

सगळे हसले. पण हसून झाल्यावर डोनीनंही पाटीकडे बघायचं टाळलं, ते मी पाहिलं.

उद्‌घाटनाच्या आदल्या आठवड्यात मर्डोनं माझ्यावर लाकडं पेटवली. लाकडाचा विस्तवही ऊब देतो, खोटं कशाला बोलू? रात्री मात्र पाणी मारून विझवायचे, विम्याचा तसा नियम होता म्हणे. आणि मग मर्डोला एक कल्पना सुचली. व्हिस्की आणि दूध घालून त्यानं एक पेय केलं. नाव ठेवलं 'डॉड्सचं दूध'. ते टेबलावर आणायचं आणि देण्याआधी त्यातलं थोडं माझ्या तापलेल्या कडेवर ओतायचं, म्हणजे वाफ उठेल आणि लोक टाळ्या वाजवतील.

त्यानं ते ओतून बघितलं, त्याच वेळी एफी दाराबाहेर येऊन उभी राहिली होती. भांडण मिटवायला आली होती बिचारी. हातात टोपलीभर गरम स्कोन, म्हणजे आमच्याकडचे छोटे पाव, होते. तिनं तो फसफस आवाज ऐकला आणि ती जिथल्या तिथे थिजली.

"कसला आवाज तो?"

"फलकावर दोन ओळी आहेत ना दुधाबद्दल," मर्डो उत्साहानं म्हणाला. "नुसत्या वाचून कुणाला काय कळणार? मी ते जिवंत केलं, आत्या."

"जिवंत केलंस?" एफीनं टोपली उंबऱ्याबाहेर खाली ठेवली. "अरे गाढवा, तू मेलेल्या माणसांच्या तोंडावर दूध फेकतोयस." ती गेली. स्कोन तिथेच गार झाले, कुणी हात लावला नाही.

आणि माझं काय झालं? मला ते दूध तड्यात उतरताना कळलं. तेच. करपलेलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की नाव काहीही असू दे असं नसतं. दारावर डॉड्स बसला की त्याच्यामागून त्याचं सगळं आत येतं.

उद्‌घाटन एप्रिलच्या सुरुवातीला झालं. पाहुणे जमले. मर्डोचा जीव दाराकडे लागला होता. त्या दिवशीचा विस्तव आत्यानं लावावा अशी त्याची फार इच्छा होती. जिलच्या हाती त्यानं तसा निरोप पाठवला होता. मी खिंडीकडे बघत होतो, आणि मला धूर दिसला. चालता धूर! एफी येत होती. तिच्या हातात झाकणाचं लोखंडी भांडं होतं आणि झाकणाच्या फटीतून पीटचा धूर येत होता. तो वास मी कुठेही ओळखला असता.

ती दाराबाहेर थांबली. मर्डो धावत गेला. "आत्या! आलीस! ये, आत ये. पण हे भांडं कशाला? लाकडं रचलेली आहेत, नुसती काडी ओढायची."

"काडीचा विस्तव या चुलीवर कधी नव्हता. हा हिचाच आहे. उनानं मारसलीला दिलेला."

"आजीची गोष्ट? आत्या, ती गोष्ट आहे गं."

"मग डॉड्सही गोष्टच आहे का? त्याची पाटी बरी लावलीस!" पाहुणे वळून बघायला लागले. एफीला त्यांची पर्वा नव्हती. "सगळ्या दरीत एक निखारा शिल्लक ठेवला नव्हता त्यानं. माणसं किनाऱ्यावर उतरली तेव्हा पावसात एकच चूल पेटती होती, मारसलीची. तिच्या चुलीतून उनानं घराघरांत विस्तव नेऊन दिला. बेथागनं एक शब्द न बोलता लेकीच्या हातून तो घेतला. तोच आपल्या घरात रोज रात्री झाकलाय. आईनं झाकला, मी झाकते. 'एफीच्या घरात उन्हाळ्यातही भट्टी' म्हणून तूच हसायचास ना?"

मित्रांनो, मी काय ऐकत होतो! माझा विस्तव जिवंत होता. मी इथे बर्फाखाली पडून त्याचं सुतक पाळत होतो, आणि तो खिंडीपलीकडे पेटलेला होता. नशीब घालवलं म्हणून जिला बोल लागला, तिनंच ते वाचवलं होतं.

"हे भांडं त्या पाटीखालून आत यायचं नाही," एफी म्हणाली. "पाटी काढ. मी आत येते, विस्तव लावते, सगळ्यांना माझ्या हातानं वाढते."

मर्डोनं मागे पाहुण्यांकडे पाहिलं. मग पाटीकडे. "आत्या, आत्ता नको ना. सगळे बघतायत."

एफीनं मान हलवली. "बघू देत. मीही तेच बघत होते, तू काय करतोस ते." तिनं झाकण घट्ट केलं आणि ती वळली. तो धूर खिंड चढून पलीकडे उतरेपर्यंत मी बघत राहिलो. एवढा जवळ येऊन गेला. मला ओरडता आलं असतं तर!

नंतरच्या दिवसांत हॉटेल भरलेलं असायचं, आणि मित्रांनो, इतका एकटा मी मेंढ्यांच्या काळातही नव्हतो. माझ्या चारी बाजूंना माणसं आणि एकालाही मी कुणाचा ते ठाऊक नाही. लोक माझ्याबरोबर फोटो काढायचे. "हाच तो डॉड्सचा दगड," म्हणायचे. डॉड्सचा! रात्री पाणी मारलं की सगळे जायचे आणि माझ्या तड्यात दूध आंबत राहायचं.

एप्रिलच्या शेवटच्या संध्याकाळी, अजून उजेड होता तेव्हा, एक मोठं टेबल रंगात आलं होतं. चांगली, हसरी माणसं होती, लांबून आलेली. त्यांनी 'डॉड्सचं दूध' मागवलं. कॅटी-ॲननं ओतायला भांडं उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. "मला नाही जमणार," असं म्हणून ती आत निघून गेली. मर्डोनं स्वतः ओतलं. वाफ उठली. त्यातल्या एकानं पेला उंच केला आणि ओरडला, "डॉड्सच्या नावानं!"

"डॉड्सच्या नावानं!" सगळे ओरडले. "मालक, तुम्ही पण घ्या!"

त्यांची काही चूक नव्हती. दारावर ज्याचं नाव, त्याच्या नावानं प्यायचं, एवढंच त्यांना माहीत. मर्डोच्या हातात कुणीतरी पेला दिला. त्यानं तो वर उचलला आणि त्याचा हात तिथेच राहिला. तो माझ्याकडे बघत होता. मग त्यानं पेला न पिता खाली ठेवला आणि "आलोच" म्हणून बाहेर गेला.

सगळे गेल्यावर तो ओलं फडकं घेऊन माझ्यापाशी बसला आणि तड्यातलं दूध पुसायला लागला. जिल म्हणाली, "चल ना, सकाळी पुसशील."

"निघत नाहीये गं," मर्डो म्हणाला. "आत गेलंय."

सकाळी मी जागा झालो तो स्क्रू काढण्याच्या आवाजानं. पाटी खाली आली. मर्डोनं ती तोंड भिंतीकडे करून ठेवली, स्वयंपाकघरातून झाकणाचं लोखंडी पातेलं घेतलं आणि पायीच खिंडीकडे निघाला. मला आनंद झाला, आणि लगेच आठवलं. अरे देवा, आज तारीख काय? मे महिन्याचा पहिला दिवस! आजच्या दिवशी विस्तव कुणी देत नाही. आणि एफी तर जुन्या वळणाची. रिकामा येणार पोरगा!

मी वाट बघितली. दोन शतकं वाट बघितलेला दगड मी, पण ती सकाळ सरता सरेना. ढग आले, गेले. खिंड रिकामीच. जिल दारात येऊन उभी राहिली, आत गेली, पुन्हा आली.

आणि मग धूर दिसला. त्याच्या मागे दोन माणसं. मर्डो पातेलं छातीशी धरून चालत होता, ओठ चावत, आणि एफी मागून ओरडत होती, "हलवू नकोस! पोर धरल्यासारखं धर!"

दारापाशी आल्यावर एफीनं वर पाहिलं. पाटीच्या जागी नुसती स्क्रूची भोकं होती. मग तिनं उंबरा ओलांडला.

"दार वाजवलं यानं," ती जिलला सांगायला लागली. "म्हणाला, आत्या, विस्तव दे. म्हटलं, आज तारीख काय आहे, ठाऊक आहे ना? म्हणाला, ठाऊक आहे, तरी मागतोय. माझी चूल विझलीय म्हणाला." तिनं डोळ्यांना बाही लावली. "उनानं नाही म्हटलं नव्हतं. मग मी कोण नाही म्हणणारी?"

तिनं निखारे माझ्यावर ठेवले. मित्रांनो, मी काय सांगू तुम्हाला! दगडाला रडता येत नाही, एवढंच. ऊब तड्यातून खाली खाली उतरत गेली आणि मला बेथाग आठवली, तिची भाकरी आठवली, दारातून वळून बघणारी उना आठवली. पोरी, तू चुकली नव्हतीस.

"आता नाव काय ठेवायचं, आत्या?" मर्डोनं विचारलं.

"आधी पीट लाव. नावाची घाई कसली?"

संध्याकाळी कॅटी-ॲन नियमाप्रमाणे पाण्याची बादली घेऊन आली. एफीनं तिला हातानंच थांबवलं. ती गुडघ्यांवर बसली, निखारे पसरले, तीन वाटे केले आणि राख पांघरली. ओठ हलत होते.

"विम्याचा माणूस काय म्हणेल?" मर्डो म्हणाला.

"त्याला माझ्याकडे पाठव." मग तिनं त्याचा हात धरून खाली बसवलं. "बघ नीट. मी काय जन्माला पुरणारे का?"

मर्डो बसला आणि बघू लागला.

गर्दी आता पूर्वीइतकी नसते. काही टेबलं रिकामी राहतात. मर्डो दुपारी हिशेब करताना कपाळाला हात लावून बसतो, आणि पुढचा हिवाळा निभेल की नाही, मला माहीत नाही. कदाचित तो परत जाईल आणि मी पुन्हा एकटा पडेन. पण गेला तर पातेलं भरून नेईल, एवढं मला माहीत आहे.

एकच मागणं आहे, मित्रांनो. तुमच्याही गावात माझ्यासारखी एखादी जागा असेल, जिथे कुणावर तरी फार वाईट गुदरलं होतं. तिथे दुकान काढा, खानावळ काढा, हसा, जेवा. आम्हाला माणसं हवीच असतात. फक्त दारावर नाव लिहिण्याआधी विचारा, इथला विस्तव कुणी विझवला आणि कुणी राखला? आणि कधी ग्लेन फिअर्नाला आलात तर पाटी शोधू नका, ती अजून लागलेली नाही. सरळ आत या आणि माझ्यावरच्या राखेजवळ हात धरा. हाताला ऊब लागेल. ती उनानं दिलेली आहे.